मुंबईच्या खानेसुमारींतील कोंकण

आंकड्यांचीं पुस्तकें आवडीनें वाचणारे लोक आपल्याकडे थोडे. खानेसुमारीचा अहवाल कोणाच्या हातीं पडलाच तर तो आपल्या गांवची वस्ती किती हें पाहतो, शेजारच्या गांवाहून ती अधिक भरली तर समाधान पावतो, आणि पुस्तक मिटून ठेवितो. यांत सगळा दोष वाचकाचा आहे असें आम्हांस वाटत नाहीं. त्या ग्रंथांची मांडणीच अशी असते कीं, प्रत्येक जिल्हा आपापल्या रकान्यांत कोंडलेला. शेजारच्या रकान्यांत काय चाललें आहे याची त्यास वार्ता नाहीं. मुंबई शहर एका पानावर, रत्नागिरी जिल्हा दुसऱ्या पानावर. वस्तुतः हीं दोन पानें एकाच कुटुंबाच्या जमाखर्चाचीं आहेत. तीं निरनिराळीं वाचलीं तर दोन्ही खोटें बोलतात. शेजारीं ठेवून वाचलीं तर दीडशें वर्षांची एक हकीकत सांगतात. ती हकीकत आमच्या वाचकांपुढें मांडावी एवढाच या लेखाचा हेतु आहे.

मुंबई शहराची पहिली पद्धतशीर मोजणी १८६४ सालीं झाली. त्या वेळीं ८,१६,५६२ माणसें भरलीं. आठ वर्षांनीं, १८७२ च्या खानेसुमारींत, तोच आंकडा ६,४४,४०५ वर उतरला. पावणेदोन लाखांजवळ माणसें गेलीं कोठें? मधल्या काळांत शहरावर परचक्र आलें नव्हतें, कीं महामारीनें पेठा ओस पाडल्या नव्हत्या. या प्रश्नाचें उत्तर अमेरिकेंत आहे. तेथें १८६१ पासून १८६५ पर्यंत यादवी युद्ध चाललें होतें. त्यामुळें दक्षिणेकडील संस्थानांचा कापूस इंग्लंडास जाईनासा झाला, लँकेशायरच्या गिरण्यांनीं हिंदी कापसास मागेल तो भाव दिला, आणि मुंबईंत पैशाचा पूर आला. समुद्र हटवून जमीन काढण्याच्या कंपन्या निघाल्या. त्यांचे शेअर सोन्याच्या मोलानें विकले जाऊं लागले. आणि दगडमाती वाहण्यासाठीं घाटावरचे व कोंकणांतले मजूर शहरांत लोटले. १८६५ सालीं युद्ध संपलें, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. शेठसावकारांचीं दिवाळीं कशीं निघालीं हें पुष्कळांनीं रसाळपणें लिहून ठेविलें आहे. ज्याची पाटी रिकामी झाली त्या मजुराचें काय झालें, हें मात्र फारसें कोणी लिहिलें नाहीं. तें वरील दोन आंकड्यांच्या वजाबाकींत आहे. १८६४ च्या मोजणींत चुका असतील असें धरलें तरीहि एवढी मोठी तूट चुकीनें पडत नाहीं. मजूर घरीं गेला. मुंबईची वस्ती जननमरणानें नव्हे, तर मजुरीच्या भावानें वाढते व घटते, हा या शहराचा स्वभाव पहिल्याच दोन मोजण्यांत असा प्रकट झाला.

आतां दुसरी गोष्ट. १९२१ सालीं मुंबईची वस्ती ११,७५,९१४ झाली होती. त्यांत दर हजार पुरुषांमागें स्त्रिया सुमारें ५२५. आणि शंभर रहिवाशांपैकीं शहरांत जन्मलेले अवघे सोळा. केवळ हा आंकडा पाहून कोणी परका शास्त्रज्ञ या शहरांत मुली मारून टाकीत असावेत असा तर्क करील, व त्यास हंसण्याचा आपणांस अधिकार राहणार नाहीं. परंतु त्याच वेळीं रत्नागिरीचें पान उघडावें. तेथें (आणि त्या काळच्या रत्नागिरींत आजचा सिंधुदुर्गहि आला; तो १९८१ सालीं निराळा झाला) स्त्रियांचा आंकडा पुरुषांहून चांगलाच मोठा. रत्नागिरीच्या पाण्यांत मुलीच अधिक व्हाव्या असा कांहीं गुण नाहीं. मुंबईंत ज्या बायका नाहींत त्या येथें आहेत, आणि येथें जे पुरुष नाहींत ते मुंबईंत आहेत. घर एकच, त्याचा उंबरठा तेवढा शंभर कोसांचा.

हा उंबरठा इतका लांब कां झाला याचें कारण जमिनींत आहे. कोंकणांत पाऊस उदंड, पण माती पातळ. भाताचीं खाचरें थोडीं, उरलेला सारा डोंगरउतार वरकस. त्यावर नाचणी-वरी पिकवावी व दोनतीन वर्षें ती जागा पडीत टाकावी. वर खोताचें देणें. चार भावांच्या घराला वर्षभर पुरेल एवढें धान्य बहुतेकांच्या कणगींत पडत नसे. रत्नागिरी जिल्ह्याचें १८८० सालचें गॅझेटियर सांगतें कीं, त्या काळींच दर हंगामास एक लाखाहून अधिक लोक या जिल्ह्यांतून मुंबईस मजुरीला जात. गलबतें होतींच, पुढें आगबोटी आल्या. त्याच १८८० सालीं टपालखात्यानें मनिऑर्डरीचें काम अंगावर घेतलें, ही गोष्ट आमच्या मतें कोंकणच्या इतिहासांत एखाद्या लढाईहून मोठी आहे. तोंपर्यंत घरीं जाणाऱ्या गांववाल्याच्या कनवटीस बांधून पैसा पाठवावा लागे. आतां तो टपालवाला दारीं आणून देऊं लागला, आणि पुरुषानें वर्षाचे अकरा महिने बाहेर राहणें शक्य झालें. शेत बाईनें करावें, सारा व खोताचा हप्ता मुंबईच्या पैशानें भरावा, अशी वांटणी ठरून गेली.

मुंबईच्या बाजूला या वांटणीचें रूप कसें होतें? एका गांवचे दहाबारा पुरुष एक खोली भाड्यानें घेत. दिवसपाळीचा कामावर गेला कीं रातपाळीचा त्याच वळकटीच्या जागीं निजे. जेवण खाणावळींत. या खाणावळी चालविणाऱ्या बायका बहुधा विधवा किंवा नवऱ्यानें टाकलेल्या. शहरांतील त्या थोड्या स्त्रियांपैकीं यांच्या चुलीवर गिरणगांव जेवत असे. गोमंतकांतील ख्रिस्ती खलाशी व आचारी यांचीहि धोबीतलावाच्या बाजूस गांवोगांवचीं ‘कुडें’ होतीं, व त्यांचें घरहि असेंच दुभंगलेलें. गोव्याचे जुने आंकडे काढून पाहिले तर तेथेंहि पुरुषांपेक्षां स्त्रिया अधिक दिसतात. १९६१ च्या सुमारासहि हजारांस १,०६६. पोर्तुगीज सत्ता गेली, बाहेरचे मजूर व नोकरदार गोव्यांत येऊं लागले, आणि १९७१ सालीं हा आंकडा एकदम ९८१ वर आला. जो प्रदेश माणसें पाठवीत होता तो माणसें बोलावूं लागला, याला याहून लहान वाक्यांत पुरावा देतां येणार नाहीं.

खानेसुमारी ही एका रात्रीची छायाचित्रासारखी गोष्ट असे. मोजणारांना हिंडतां यावें म्हणून चांदण्या रात्रींचा सुमार निवडीत, व त्या रात्रीं जो जेथें सांपडेल तेथें त्यास लिहीत. हें ध्यानांत न घेतल्यास १९०१ चा आंकडा कळत नाहीं. १८९१ सालीं मुंबईंत ८,२१,७६४ माणसें होतीं. १९०१ सालीं ७,७६,००६. मध्यें प्लेग येऊन गेला होता, किंबहुना गेलाच नव्हता. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवीच्या वस्तींत डॉ. व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनीं पहिला रोगी ओळखला, आणि त्या हिंवाळ्यांत शहरांतील लाखों लोक मिळेल त्या गाडीनें व बोटीनें बाहेर पडले. पुढें दर वर्षीं थंडी सरतां सरतां प्लेग डोकें वर काढी, व १९०१ ची मोजणी नेमकी १ मार्चला झाली. १९०६ सालीं शहराच्या आरोग्यखात्यानें निराळी मोजणी केली तेव्हां ९,७७,८२२ माणसें भरलीं. पांच वर्षांत दोन लाख माणसें जन्मास येत नाहींत. म्हणून १९०१ चा आंकडा हा मुंबईच्या वस्तीचा नव्हेच. ज्यांना त्या दिवसांत पळून जातां आलें नाहीं अशांचा तो आंकडा आहे. आणि जे पळाले त्यांच्याबरोबर प्लेगहि गांवोगांव गेला, हा खर्च दुसऱ्या पानावर पडला.

१९१८ चा इन्फ्ल्युएंझा याहून क्रूर. त्या वर्षींच्या ६ ऑक्टोबरास एका दिवसांत एकट्या मुंबईंत ७६८ मृत्यु नोंदले गेले. प्लेग दरिद्री पेठा निवडी. या तापानें वय निवडलें. म्हातारे व मुलें सोडून त्यानें वीस ते चाळीस या कर्त्या वयावर घाला घातला, आणि पुरुषांपेक्षां स्त्रिया अधिक नेल्या. पुढच्या वर्षीं जन्म एकदम कमी झाले. आया उरल्या नव्हत्या. साऱ्या हिंदुस्थानांत किती मेले याचा अंदाज १९२१ च्या अहवालानें सव्वा कोटीच्या आसपास केला, पुढच्या अभ्यासकांनीं तो पावणेदोन-दोन कोटींपर्यंत नेला. रत्नागिरी जिल्हा १९११ सालीं बारा लाखांवर होता, तो १९२१ सालीं साडेअकरा लाखांवर आला. आणि मुंबई? ती त्याच दहा वर्षांत ९,७९,४४५ वरून पावणेबारा लाखांवर चढली. महायुद्धामुळें गिरण्यांना बरकत होती, १९१८ चा पाऊस फसला होता, घाटावर व कोंकणांत खायला नव्हतें. शहराची ही वाढ ‘भरभराट’ या सदराखालीं नोंदविणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

याच १९२१ सालचा एक आंकडा असा आहे कीं, त्यावर थोडें थांबलेंच पाहिजे. त्या वर्षीं मुंबईंत जन्मलेल्या दर हजार मुलांमागें ६६६ मुलें वर्षाच्या आंत मेलीं, असें शहराचें नोंदणीपुस्तक सांगतें. तीन मुलांपैकीं दोन! या आंकड्यानें तेव्हां मोठी खळबळ झाली, आणि त्याचा बचाव करणारेहि लागलीच पुढें आले. त्यांचा बचाव अगदींच पोकळ नव्हता, आणि तो आमच्या मुद्द्याचाच आहे. कोंकणची बाई दिवस भरत आले कीं गांवीं जाई. आईपाशीं, सुइणीपाशीं बाळंत होई. मुलाचा जन्म लिहिला गेलाच तर तो रत्नागिरीच्या वहींत. मूल तीनचार महिन्यांचें झालें कीं ती त्याला घेऊन परळच्या किंवा डिलाइल रोडच्या चाळींत परत येई, आणि तेथें तें दगावलें तर मृत्यु मुंबईच्या वहींत. म्हणजे भागाकारांत तें वर येई, खालीं येत नसे. त्यांत पुन्हां शहरांतील सगळे जन्मही नोंदले जात नसत. तेव्हां ६६६ हा आंकडा फुगलेला आहे, हें कबूल.

पण त्याच आंकड्याची खोल्यांप्रमाणें फोड केलेली उपलब्ध आहे. ज्या कुटुंबाला एक खोली, किंवा तीहि पुरती नाहीं, त्याच्या मुलांत हजारीं ८२८. दोन खोल्या असणारांत ३२२. तीन खोल्यांत १९१. चार वा अधिक खोल्यांत १३३. एका खोलींत राहणारीं कुटुंबें हीं गांवीं जाऊन येणारीं अधिक, म्हणून त्यांचा आंकडा इतरांहून जास्त फुगला असेल. बरें, तो निम्मा करूं. ८२८ चे ४१४ होतात. ते १३३ शेजारीं ठेवावे. आंकडा खोटा आहे असें सांगून ज्यांनीं हा विषय मिटविला त्यांनीं ही निमपट करून पाहण्याची तसदी घेतली नाहीं. शहरांतील तीन माणसांपैकीं दोन त्या वेळीं एकाच खोलीच्या बिऱ्हाडांत राहत होतीं. गिरणींत जाणारी आई मूल रडूं नये, झोंपून राहावें म्हणून त्याला अफूची बाळगोळी देऊन जाई. १९२१-२२ सालीं सरकारनेंच नेमलेल्या एका स्त्री-डॉक्टरांनीं ही चाल घरोघर असल्याचें नमूद केलें आहे. त्या आईला दोष देण्यापूर्वीं वाचकांनीं तिची पाळी, तिची खोली व तिचा पगार हीं तिन्ही डोळ्यांपुढें आणावीं. तिची सासू व आई दोघीही शेतासाठीं गांवीं. मूल सांभाळावयास त्या चाळींत होतें कोण? घर दुभंगल्याची किंमत अशा रीतीनें सर्वांत लहान माणसानें दिली.

सरकारनें यावर काय केलें? याच दशकांत नायगांव, वरळी, शिवडी व डिलाइल रोड या भागांत विकास खात्यानें २०७ चाळी बांधल्या, त्या आजवर बी.डी.डी. या नांवानें ओळखल्या गेल्या. भिंती पक्क्या, जिने मजबूत. पण प्रत्येक बिऱ्हाडास खोली पुन्हां एकच. १९२९ चा मुंबई इलाख्याचा प्रसूति-साहाय्याचा कायदा आम्ही अधिक मोलाचा मानतों. कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रीला बाळंतपणाच्या सुमारास पगाराचा कांहीं अंश मिळावा असें ठरविणारा हा देशांतील पहिला कायदा. १९२८ सालीं विधिमंडळांत डॉ. आंबेडकरांनीं या विधेयकाचा पुरस्कार केला होता.

१९३१ च्या मोजणीवर फार लिहिण्याजोगें नाहीं. वस्ती ११,६१,३८३, म्हणजे दहा वर्षांपूर्वींपेक्षां किंचित् कमी. गिरण्यांतील संप व मंदी यांमुळें माणसें परतलीं हें खरें. पण सविनय कायदेभंगाच्या चळवळींत राष्ट्रसभेनें खानेसुमारीवर बहिष्कार पुकारला होता, तेव्हां कांहीं माणसें घरीं असूनहि मोजलीं गेलीं नसतील.

स्वराज्यानंतर जमाखर्चाचें वळण बदललें. मुंबईंत हजार पुरुषांमागें स्त्रिया १९६१ सालीं ६६३ झाल्या होत्या. २०११ सालीं शहर जिल्ह्यांत ८३२ व उपनगरांत ८६०. चाकरमान्यानें बायकामुलें आणण्यास प्रारंभ केला. रत्नागिरींत मात्र १९८१ पर्यंत स्त्रियांचें प्रमाण हजारीं बाराशेंच्या वरच राहिलें. मग १९८२ च्या जानेवारींत गिरणीसंप झाला, अडीच लाख कामगारांची रोजी गेली, व पुष्कळ गिरण्या पुन्हां पूर्वींसारख्या कधींच उघडल्या नाहींत. १८६५ प्रमाणें मजूर पुन्हां घरीं जाईल असें कोणासहि वाटलें असतें. कांहीं गेले, पण या खेपेस बरेच जण मुंबईच्याच कांठाकांठानें कल्याण, डोंबिवली, विरारपर्यंत सरकले, कारण आतां त्यांचीं मुलें तेथल्या शाळांत होतीं. आणि २०११ सालीं रत्नागिरीचें पान उघडलें तेव्हां त्यावर पूर्वीं न दिसलेली गोष्ट दिसली: २००१ सालीं १६,९६,७७७ असलेली वस्ती १६,१५,०६९ वर आली होती, सिंधुदुर्गाचीहि ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१. दुष्काळ नाहीं, साथ नाहीं. रत्नागिरींतील स्त्रियांचें प्रमाणहि ११३६ वरून ११२२ वर उतरलें. हा उतार पाहून कोंकणचे पुरुष परत आले असें कोणी म्हणेल, तर तो फसेल. बायकाही निघाल्या, हा त्याचा अर्थ. १९८१ पासून खानेसुमारींत स्थलांतराचें कारण विचारतात. तेथें या बायकांपुढें बहुधा ‘विवाह’ हा एकच शब्द पडतो. लग्न करून आलेली बाई शहरांत चार घरचीं कामें करीत असली, पोळ्या लाटून देत असली, तरी कारणाच्या रकान्यांत ती केवळ कोणाची तरी बायको राहते.

येथवर जेथें जेथें स्त्रिया कमी दिसल्या तेथें दुसरें पान उघडतां आलें, आणि त्या तेथें सांपडल्या. एका आंकड्यापुढें मात्र हा उपाय चालत नाहीं. सहा वर्षांपर्यंतचें मूल एकटें मजुरीला जात नाहीं. तें जेथें घर तेथें असतें. निसर्गतः हजार मुलग्यांमागें सुमारें साडेनऊशें मुली जन्मतात. महाराष्ट्रांत या वयाच्या मुली १९९१ सालीं हजारीं ९४६ होत्या, २००१ सालीं ९१३, आणि २०११ सालीं ८९४. गर्भलिंग पाहण्यास बंदी करणारा कायदा याच राज्यानें १९८८ सालीं देशांत प्रथम केला, हें येथें नमूद करणें प्राप्त आहे. घट केवळ दरिद्री तालुक्यांतली नाहीं. जेथें सोनोग्राफीचें यंत्र व तें वापरण्याइतका पैसा पोंचला तेथें ती पोंचली, आणि त्या घरांत आमचे व आमच्या वाचकांचे सोयरे आहेत. या मुली रत्नागिरीच्या पानावर नाहींत, मुंबईच्या नाहींत, कोणत्याच जिल्ह्याच्या पानावर नाहींत.

२०२१ ची मोजणी करोनाच्या साथीमुळें झाली नाहीं. पुढील मोजणीचा संदर्भ-दिन म्हणून सरकारनें १ मार्च २०२७ ही तारीख जाहीर केली आहे. त्या वर्षींचा शिमगा त्यानंतर तीन आठवड्यांनीं येतो. तेव्हां पालखी नाचविण्यासाठीं जीं घरें उघडलीं जातील तीं मोजणीच्या दिवसांत कुलूपबंद असतील, आणि त्यांचे धनी ठाण्याच्या किंवा विरारच्या पानावर लिहिले जातील.